दिवसा न मिळालेला अभिप्राय

"म्याडम, ही गोष्ट खोटी हाय," सहावीतली मनीषा उभी राहून म्हणाली. वर्गातल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

माझ्यासमोर टेबलावर मुलांनी भरलेले फॉर्म होते. फॉर्मवर तीन चौकोन होते: 'खूप आवडले', 'ठीक', 'आवडले नाही'. सगळ्या खुणा तिसऱ्या चौकोनात होत्या. एका मुलाने तर खूण पुरेशी वाटली नाही म्हणून तो चौकोन पेन्सिलीने काळा करून टाकला होता. मी सकाळी ठाण्याहून निघून, कल्याणला एस.टी. पकडून, मुरबाडला उतरून, तिथून इथल्या शिक्षकांच्या, भोईर सरांच्या, मोटरसायकलवर मागे बसून हाडं खिळखिळी करून घेत या पाड्यावरच्या शाळेत आले होते. ते हे ऐकायला नव्हे.

मी एका प्रकाशनसंस्थेत मुलांच्या पुस्तकांची संपादक आहे. संपादक म्हणजे शुद्धलेखन तपासणारी बाई, असं माझ्या सासरच्यांना अजून वाटतं. खरं काम वेगळं आहे. लेखक आणि मालक यांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोघांचं ऐकून घ्यायचं, हे ते काम. त्यातलाच एक भाग म्हणजे फील्ड ट्रायल. पुस्तक छापायच्या आधी त्याच्या थोड्या प्रती साध्या प्रिंटरवर काढून पिना मारायच्या. त्याला आम्ही डमी म्हणतो. ती डमी खऱ्या मुलांना वाचायला द्यायची आणि त्यांना काय वाटलं ते लिहून आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही नोकरीच्या सुरुवातीला सोपं वाटलं होतं.

पुस्तक होतं 'राक्षस नेमणे आहे' या मालिकेचा चौथा आणि शेवटचा भाग. लेखिका शरयूताई. हा पुनर्कथनाचा प्रकार. म्हणजे जुनीच परीकथा घ्यायची आणि ती जरा वाकडी करून, हसवत सांगायची. यात राज्यातला जुना राक्षस कंटाळून राजीनामा देतो. राजा जाहिरात काढतो. एकच अर्ज येतो आणि तो राजाच्या स्वतःच्या मुलीचा, मंजुळेचा असतो. राक्षसाला स्वतंत्र गुहा मिळते, केस विंचरावे लागत नाहीत, हे तिला पसंत पडतं. नोकरीवर रुजू झाल्यावर नियमाप्रमाणे तिचा प्राण एका पोपटात ठेवला जातो. तो पोपट राक्षसांच्या खात्याचा खजिनदार असतो. त्याला रोज पेरू आणि दोन मिरच्या, शिवाय पगार. तिसऱ्या भागाच्या शेवटी पेरू किडका निघतो, भांडण होतं आणि सकाळी मंजुळा बघते तर पिंजरा रिकामा. तिचा प्राण घेऊन खजिनदार गेलेला. तिथे तिसरा भाग संपतो.

आणि तिथेच आमचीही गाडी अडली. शरयूताईंची तब्येत बिघडली, मग मालिकेची विक्री मंदावली, मग आमचे मालक सुर्वेसाहेब यांचा उत्साह मावळला. चौथा भाग लिहून आला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मुलांचा अभिप्राय चांगला आला तर चौथा भाग छापू, नाहीतर मालिका तीनवर बंद. शरयूताईंनी या मालिकेवर आजारपणातसुद्धा काम केलं होतं. शेवटचा भाग छापलेला बघायचा एवढंच त्यांचं माझ्याकडे मागणं होतं.

ट्रायलसाठी मी दोन शाळा निवडल्या होत्या. पहिली शहापूरजवळ, सापगावच्या बाजूला. इमारत छान, पंखे चालू, मुलं इस्त्रीच्या कपड्यात. तिथले सगळे फॉर्म 'खूप आवडले'. मी खूश झाले आणि सहज एकाला विचारलं, पोपट का पळाला होता रे? तो म्हणाला, कुठला पोपट? आधीचे तीन भाग शाळेच्या काचेच्या कपाटात होते आणि कपाट पाहुणे आले की उघडत होतं. मुलांनी थेट चौथा भाग चाळला होता आणि बाईंकडे बघून खूण केली होती.

म्हणून माझी सगळी भिस्त मुरबाडवर होती. भोईर सरांनी वर्षभरापूर्वी आमच्याकडून पहिले तीन भाग नेले होते. त्या प्रतींची अवस्था बघून माझे डोळे भरून आले होते. कोपरे गेलेले, शिवण सुटलेली, तिसऱ्या भागाचं शेवटचं पान तर मुलांनी नकाशाच्या कापडाची पट्टी लावून चिकटवलेलं. इतकं वाचलेलं पुस्तक आम्हा लोकांना क्वचित बघायला मिळतं. या मुलांना शेवट मिळाला की ती नाचतील, अशी माझी खात्री होती.

आणि आता ही मनीषा मला गोष्ट खोटी म्हणत होती.

मी आवाज शक्य तितका गोड ठेवून म्हटलं, "अगं, गोष्ट खोटीच असते. पोपट पगार मागतो, ते तुला खरं वाटलं होतं का?"

"त्या खरा हाय. शेवट खोटा हाय. असा झालाच नाय."

"मग काय झालं?"

मनीषाने खाली बघितलं. बाकीची मुलंही आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागली.

"दिवसा नाय सांगायची," ती म्हणाली.

मी भोईर सरांकडे बघितलं. सर याच भागातले, पंधरा वर्षं याच शाळेत. त्यांना यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, एवढंच त्यांनी मला समजावलं. मीही लहानपणी हे ऐकलं होतं, पण आमच्याकडे ते आईने दुपारी झोपायला मिळावं म्हणून वापरायचं वाक्य होतं. इथे तो नियम होता. शिवाय मनीषाचा मामा मुरबाड-कल्याण रस्त्यावर भाजीचा टेम्पो चालवतो. त्या क्षणीही तो रस्त्यावरच असणार होता. तिने तो धोका पत्करणं शक्य नव्हतं.

मी म्हटलं, सर, तुम्ही तर रोज दिवसा धडे शिकवता. त्यात गोष्टी असतात.

"धडा येगळा, म्याडम. वाचलेली चालते. तोंडानं सांगायची नाय."

मला आशा वाटली. मी मुलांना म्हटलं, मग सांगू नका, लिहून द्या. यावर वर्गात बरीच कुजबुज झाली. मागच्या बाकापर्यंत विचारविनिमय झाला. शेवटी मनीषाने निर्णय दिला की लिहिलं म्हणजे सांगितलंच. मी विचारलं, मग ज्या बाईंनी हे पुस्तक लिहिलं त्यांचं काय? तर म्हणे त्यांनी रात्री लिहिलं असेल. शरयूताई खरोखरच रात्री लिहितात.

मी खिडक्या लावून बघितल्या. खरंच लावल्या. दार ओढून घेतलं, वर्गात अंधार केला, आणि म्हटलं, समजा रात्र झाली. मुलं हसली. मनीषा मात्र गंभीर होती. सूर्य बाहेर असताना आत दार लावून काय उपयोग, असं तिचं म्हणणं पडलं. एका लहान मुलीने मला विचारलं की तुमचा मामा कुठे असतो. पुण्याला, मी सांगितलं. "मंग तुमी पन दिवसा इचारू नका," ती म्हणाली. माझा मामा ऐंशीच्या पुढचा आहे आणि घराबाहेर पडत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. सांगूनही काही फरक पडला नसता.

तेवढ्यात सुर्वेसाहेबांचा फोन आला. शाळेच्या मागे एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच रेंज येते. मी त्या दगडावर चढले.

"काय रिझल्ट?" साहेबांनी विचारलं.

"संध्याकाळी सांगते."

"आत्ता काय अडचण आहे?"

मी खरं तेच सांगितलं. साहेबांनी मला विचारलं की ऊन फार आहे का तिकडे.

लगेच शरयूताईंचा फोन. त्यांना साहेबांनी आधीच काहीतरी सांगितलं असणार. मुरबाडच्या मुलांना आवडलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शहापूरचे फॉर्म चांगले आहेत ना? मग तेच दाखव की."

मी नाही म्हटलं. माझा आवाज चढला होता. वर्षभर मी या बाईंच्या मालिकेसाठी साहेबांशी भांडत होते आणि आता त्या मला काचेच्या कपाटातला अभिप्राय द्यायला सांगत होत्या. त्यांनी फोन ठेवून दिला. मी दगडावरून उतरताना घसरले आणि माझी चप्पल तुटली. भोईर सरांनी ती तारेने बांधून दिली.

सकाळची शाळा सुटली. सर घरी जेवायला घेऊन गेले. दुपारभर मी त्यांच्या ओसरीवर बसून घड्याळ बघत होते आणि सूर्य काही हलत नव्हता. रात्री शेवटच्या एस.टी.साठी मुरबाडपर्यंत सोडायचं सरांनी कबूल केलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा कोणी मला सांगितलं असतं की एके दिवशी तू पोपट कुठे गेला हे कळावं म्हणून दिवेलागणीची वाट बघत बसशील, तर मी बँकेच्या परीक्षा दिल्या असत्या.

दिवे लागल्यावर आम्ही मनीषाच्या अंगणात गेलो. तिची आई भाकऱ्या थापत होती. शेजारची पोरं, त्यांच्या आया, दोनचार बाप्ये असे सगळे जमले होते. मनीषाने आधी आत जाऊन मामाला फोन लावला. तो घरी पोचलाय याची खात्री करून घेतली आणि मग बाहेर येऊन बसली.

तिथे मला हळूहळू सगळं उलगडलं. वर्षापूर्वी मनीषा संध्याकाळी पुस्तक मोठ्याने वाचायची आणि अंगण ऐकायचं. तिसरा भाग रिकाम्या पिंजऱ्यापाशी संपला. आईने विचारलं, मंग पुढं? पुढे काही नव्हतं. पुढचं पुस्तक यायचंय, मनीषाने सांगितलं. कधी? माहीत नाही. आता या घरांमध्ये अर्धी गोष्ट ठेवून झोपायची रीत नाही. बिचाऱ्या पोरीचा प्राण घेऊन पाखरू उडालंय आणि आपण चुलीवर पाणी मारून झोपायचं, हे कोणालाच पटेना. मग त्यांनी त्याच संध्याकाळी गोष्ट पुरी केली. आईने सुरू केली, मनीषाने पुढे नेली, काकाने मध्ये एक वाघ घातला.

अडचण एवढीच होती की प्रत्येक अंगणाने तेच केलं होतं.

मनीषाच्या अंगणात पोपट रुसून उंबरमाळीच्या बाजूला डोंगरात मावशीकडे गेला होता. मंजुळा रानातून माग काढत गेली, वाघाला वाट विचारली, मावशीच्या हातचं जेवली आणि पोपटाला समजावून घेऊन आली. शेजारच्या अंगणात पोपट मुरबाडच्या बाजारात विकायला बसवलेला होता आणि मंजुळेने राक्षसाचे दात दाखवून तो सोडवला. खालच्या पाड्यावरच्या मुलांचं म्हणणं असं की पोपट आटगावला रेल्वेच्या तारेवर बसला होता आणि खाली उतरायला घाबरत होता. ती मुलं मुद्दाम आली होती. बघता बघता वाद पेटला. आटगावला पोपट जाईल कशाला, असं एकजण म्हणाला. तुझी मावशी डोंगरात राहते म्हणून पोपटाचीही राहते का, असं दुसऱ्याने विचारलं. मोठी माणसंही उतरली. मी वहीत लिहीत होते आणि माझं डोकं दुखायला लागलं होतं. मला छापायचं पुस्तक एक होतं आणि त्याला शेवट तीन मिळाले होते. शिवाय चौथा, खरा, माझ्या पिशवीत होता, आणि तो कोणालाच नको होता.

शेवटी मी वैतागून वही मिटली. "हे सगळं बरोबर. पण आमच्या पुस्तकातल्या शेवटात वाईट काय आहे ते एकजण तरी सांगा."

आमच्या पुस्तकात काय होतं तेही सांगते. मंजुळा गुहेतच थांबते. स्वतःसाठी चहा करते, पुस्तक वाचते. चार दिवसांनी पोपट आपणहून परत येतो आणि कबूल करतो की तिचा प्राण त्याच्यात कधी नव्हताच. खात्याने उगाच पसरवलेली अफवा होती. मला तो शेवट फार हुशार वाटला होता. साहेबांनाही.

भांडण थांबलं. मनीषाने आईकडे बघितलं. आई भाकरी उलटत म्हणाली, सांग की.

"तिचा जीव बाहेर गेला नं, म्याडम," मनीषा म्हणाली. "आन ती चाय पीत बसलेय. असा कोन बसतो?"

"पण जीव त्याच्यात नव्हताच ना गं."

"तिला कुठं ठावा होता? तिला तर वाटत होता का हाय. तरी बसली."

वाद घालणारी खालच्या पाड्यावरची पोरंसुद्धा मान हलवत होती. मी वहीत परत बघितलं. तीन शेवट तीन तऱ्हांचे, पण तिन्हीत मंजुळा उठून निघाली होती. मला स्वतःचाच राग आला. मी ती डमी सहा वेळा तरी वाचली होती. स्वल्पविराम शोधत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मी दोन्ही गठ्ठे ठेवले. त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला आणि म्हणाले, एक शाळा होय म्हणते, एक नाही म्हणते, म्हणजे बंद केलेलं बरं. मी त्यांना सांगितलं की होय म्हणणाऱ्यांना पोपट कुठला हे माहीत नाही, आणि नाही म्हणणाऱ्यांनी वर्षभर त्याला जिवंत ठेवलंय. आमच्या कचेरीत असं कोणी बोलत नाही.

"शरयूताई शेवट बदलतील?" त्यांनी विचारलं.

"विचारते."

"बदलला तर छापू. नाहीतर नाही. आणि महिन्याच्या आत."

अंगणातले तिन्ही शेवट मी शरयूताईंना फोनवर वाचून दाखवले, पण त्यांनी बदलायचं नाही म्हणून सांगितलं. गोष्ट माझी की पाड्याची, असं त्यांनी विचारलं. बाईचा प्राण कुठल्या पोपटात नसतो, हेच मला सांगायचं होतं आणि तुझ्या त्या मुलांना ते कळलं नाही, असंही म्हणाल्या. मी त्यांना एकच सांगितलं. मुलांना कळलंय. पण मंजुळेला ते कळण्याआधीच तुम्ही तिला चहा दिलात. एवढं म्हणून मीही फोन ठेवला. नंतर मला वाईट वाटलं. त्या आजारातून उठल्या होत्या.

कितीतरी दिवस त्यांचा फोन आला नाही. मी रोज ईमेल उघडायचे आणि त्यात छापखान्याची स्मरणपत्रं असायची. साहेब दारातून डोकावून भुवई वर करायचे. महिना संपत आला तेव्हा एका रात्री शरयूताईंचा मेसेज आला. त्यांना जाणून घ्यायचं होतं की त्या पोपटाची मावशी नक्की कुठे राहते, आणि तिकडे कुठली झाडं असतात.

नवा शेवट आला तो असा. मंजुळा निघते. वाटेत तिची भंबेरी उडते, केसात काटे अडकतात, ती रडते, चालत राहते. खूप लांब गेल्यावर पोपट सापडतो आणि तेव्हा तो कबूल करतो की प्राण त्याच्यात नव्हताच. शरयूताईंनी आपला मुद्दा सोडला नव्हता. फक्त तो ऐकायला मंजुळेला डोंगर चढायला लावलं होतं. वाघ त्यांनी घेतला नाही. मावशी घेतली. चौथा भाग छापला गेला.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम झाला आहे. मालिकेचा शेवटचा भाग लिहून हातात आल्याशिवाय पहिला छापायचा नाही. साहेब त्याला पॉलिसी म्हणतात.

छापील प्रती घेऊन मी परत त्या पाड्यावर गेले. या वेळी संध्याकाळीच गेले. मनीषाने अंगणात पुस्तक शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. कोणी मध्ये बोललं नाही. वाचून झाल्यावर मी फॉर्म काढला नाही, फक्त विचारलं, कशी वाटली?

"ही पन बरी हाय," मनीषा म्हणाली.

खालच्या पाड्याच्या मुलांनी लगेच स्पष्ट केलं की पोपट आटगावलाच होता, पण हीसुद्धा चालेल. मग मनीषाच्या आईने पुस्तक हातात घेतलं, मागचं पान उघडून शरयूताईंचा फोटो नीट बघितला आणि मला विचारलं, "ह्या बाय कुठल्या पाड्याच्या?"

मी ठाण्याला परतल्यावर शरयूताईंना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. 

"मग तू काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"ठाणे म्हटलं."

"कशाला सांगितलंस गं? मला पाड्याचीच राहू द्यायचं होतंस," त्या म्हणाल्या.

म्हणजे एवढं सगळं करून शेवटी चूक माझीच. संपादकाने अभिप्राय गोळा करावेत, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ नयेत.